ओ माय! कोणाची माय?



रोवण्याचे दिवस होते. बांधीत घोट्याच्या वर चिखल, वरून रिमझिम पाऊस, आणि ओळीने वाकलेल्या पंधरा-वीस बाया. त्यांच्यात आमच्या शेजारच्या म्हातारीची नातही होती. पोरगी तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहून अकरावी शिकते. रोवण्याला मजूर मिळेना म्हणून चार दिवस घरी आली होती. हात तिचे चपळ, पण तोंड हाताहून चपळ. चिखलातून खेकडा निघाला की ‘ओ माय गॉड!’ बेडूक पायावर उडाला की ‘ओ माय!’ पावसाची सर जोरात आली की ‘ओ माय गुडनेस!’ बायांना पहिल्यांदा नवल वाटले, मग हसू येऊ लागले, आणि दुपारपर्यंत तर त्यांनी तिकडे लक्ष देणेच सोडले.

म्हातारी धुऱ्यावर बसून पऱ्ह्यांच्या जुड्या मोजत होती. तिच्याने राहवले नाही. ती म्हणाली, “कोनाची माय वो? सकारपासून माय माय करून राह्यली. तुही माय तं तुह्या बाजूलेच वाकली हाये!”

सगळ्या बांधीत हशा पिकला. पोरगी लाजली. म्हणाली, “आजी, थे आपली माय नोहे. इंग्रजीतला माय हाये. माय म्हंजे माहा.”

म्हातारीने जुडी खाली ठेवली आणि विचारले, “माहा? का माहा?”

आता ह्याचे उत्तर पोरीला येईना. ‘माझा’ हे खरे, पण माझा काय? माझा बैल, माझा भाऊ, माझा रुपया? संध्याकाळी हातपाय धुऊन ती आमच्या ओसरीवर आली. मी जन्मभर मुलांना शिकविले, म्हणून गावात अजून अडला-नडला शब्द माझ्याकडे येतो. “गुरुजी,” ती म्हणाली, “आजीनं विचारलं थे खरंच हाये. ओ माय म्हंतात, मंग पुढं का?”

वाचकहो, प्रश्न लहान दिसतो, पण त्याची मुळे खोल आहेत. हल्ली खेड्यापाड्यांत मोबाईल आला, टीव्ही तर केव्हाच आला, आणि हा उद्गार पोरासोरांच्या तोंडी बसला. तेव्हा त्याचा अर्थ काय, तो कुठे वापरावा आणि कुठे नाही, हे एकदा नीट समजून घेतलेले बरे.

आधी अर्थ पाहू. इंग्रजीत ‘माय’ म्हणजे माझा, माझी, माझे. ‘गॉड’ म्हणजे देव. ‘ओ माय गॉड’ म्हणजे ‘हे माझ्या देवा’. आपण ‘अरे देवा!’ म्हणतो, तसेच ते. ‘गुडनेस’ म्हणजे चांगुलपणा. मग ‘ओ माय गुडनेस’ म्हणजे ‘हे माझ्या चांगुलपणा’ असे होईल, आणि त्याला काही अर्थ नाही. नुसत्या ‘ओ माय’ला तर त्याहून नाही. ‘हे माझ्या’ एवढे म्हणून माणूस गप्पच बसतो. गाडी अर्ध्या रस्त्यात सोडून बैल घेऊन घरी यावे, तसला हा प्रकार.

पण साहेब गाडी उगीच सोडत नाही. त्याला कारण आहे.

ख्रिस्ती लोकांच्या बायबलात देवाने माणसाला दिलेल्या दहा आज्ञा आहेत. त्यांतली एक अशी की देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये. खोट्या शपथेला घेऊ नये, रागात घेऊ नये, चेष्टेत घेऊ नये. भाविक माणसाने ही आज्ञा मनावर घेतली. पण ठेच लागली, दूध उतू गेले, तर तोंडून काहीतरी निघणारच! सवयीने ‘ओ माय...’ एवढे निघून जाई, आणि पुढचा शब्द ओठावर येताच आज्ञा आठवे. मग तो शब्द गिळायचा, नाहीतर त्याच्या जागी तसाच दिसणारा दुसरा शब्द ठेवायचा. ‘गॉड’ म्हणायचे नाही, तर ‘गॉश’ म्हण, ‘गॉली’ म्हण, ‘गुडनेस’ म्हण. येशूचे इंग्रजी नाव ‘जीझस’. ते घ्यायचे नाही, तर त्याचे पहिले अक्षर धरून ‘जी’ म्हण. स्वर्गाच्या धन्याचे नाव नको, तर नुसते ‘हेवन्स’, म्हणजे स्वर्ग म्हण. आणि काहीच सुचले नाही तर ‘ओ माय’ म्हणून थांब. असे हे सौम्य उद्गार तयार झाले. वरून पाहावे तर निरर्थक शब्द, आत पाहावे तर झाकून ठेवलेला देव.

पोरीला हे सांगितले, तर तिला ते विचित्र वाटले. मी म्हटले, “विचित्र काय त्यात? तुझ्या आजीने जन्मात कधी तुझ्या आजोबाचे नाव घेतले काय?”

मंडळी, ही खूण तुम्हांला लगेच पटेल. आपल्या जुन्या बाया नवऱ्याला ‘अहो’ म्हणत, ‘धनी’ म्हणत, ‘पोरांचा बाप’ म्हणत. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तर तेवढ्यापुरता उखाणा घेत. नाव माहीत नव्हते असे नाही. नाव मोठे होते, म्हणून ते झाकून ठेवले. साहेबाचा ‘गॉश’ हा देवाचा ‘अहो’ समजा.

आदराने जसे नाव झाकतात, तसे भीतीनेही झाकतात. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात हे कोणाला सांगायला नको. मोह वेचायला, तेंदूपाने तोडायला, सरपणाला निघालेली जुनी माणसे जंगलात वाघाचे नाव उघड घेत नसत. ‘मामा’ म्हणत, ‘वाघोबा’ म्हणून हात जोडत, नाहीतर नुसते ‘जनावर’ म्हणत. रात्री घरात सापाला साप म्हणायचे नाही, ‘लांबडे’ म्हणायचे. दिवा विझवला म्हणायचे नाही, दिवा वाढवला म्हणायचे. बांगडी फुटली नाही, वाढली. दारातून निघताना ‘जातो’ नाही, ‘येतो’. शब्दात ताकद असते, तो उच्चारला की त्याचा धनी जागा होतो, ही समजूत आपल्याकडेही आहे आणि सातासमुद्रापलीकडेही आहे.

१९३९ साली अमेरिकेत ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ नावाचा चित्रपट निघाला. त्यात एक मुलगी आपल्या सोबत्यांसह अंधाऱ्या जंगलातून चालली आहे. सगळे घाबरलेले. ती मंडळी हिंस्र जनावरांची नावे पुन्हा पुन्हा घेतात आणि प्रत्येक वेळी ह्याच ‘ओ माय’वर येऊन थांबतात. तिकडच्या पोराबाळांनाही हा प्रसंग पाठ असतो. गंमत पाहा. आपली म्हातारी असती तर म्हणाली असती, “देवाचं नाव खुशाल घ्या बापा, पन जनावराचं नोको!” त्यांनी जनावरांची नावे मोकळी घेतली आणि देवाचे गिळले.

इंग्लंडात तर एकेकाळी ह्या गोष्टीचा कायदाच झाला होता. १६०६ साली, पहिला जेम्स राजा गादीवर असताना, तिथल्या पार्लमेंटने ठरविले की रंगभूमीवर चेष्टेने किंवा बेपर्वाईने देवाचे, ख्रिस्ताचे नाव घेतले तर दर वेळी दहा पौंड दंड. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. शेक्सपिअर तेव्हा हयात होता, नाटके लिहीत होता. त्याच्या नाटकांचा मोठा ग्रंथ १६२३ साली निघाला, त्यात काही नाटकांतले असे उद्गार गाळलेले किंवा बदललेले आढळतात.

हाच कायदा आपल्या झाडीपट्टीत लागला असता तर काय झाले असते? धान निघाल्यावर गावोगावी मंडई भरते, रात्रभर नाटक चालते, आणि नायिकेवर संकट आले की ती पहिली हाक देवालाच मारते. देसाईगंज-वडसाच्या नाटक कंपन्यांचे पहिल्या रात्रीच दिवाळे निघाले असते! आणि ही रंगभूमी काही लहानसहान नाही. २०२३ साली गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीच्या सेवेबद्दल पद्मश्री मिळाली.

आपला विचार ह्याबाबतीत अगदी उलटा. देवाचे नाव कसेही घ्या, चालता-बोलता घ्या, झोपेत घ्या, पुण्यच आहे. भागवतात अजामिळाची कथा आहे. जन्मभर पाप केलेला माणूस. मरणाच्या वेळी घाबरून त्याने आपल्या धाकट्या मुलाला हाक मारली. मुलाचे नाव नारायण. हाक मुलाला होती, पण नाव देवाचे होते, आणि तेवढ्याने विष्णूचे दूत धावून आले. आपण भेटलो की ‘रामराम’, दमलो की ‘हरी हरी’, वाईट ऐकले की ‘शिव शिव’. तिकडे देवाचे नाव म्हणजे पेटीतला दागिना, सणाला काढायचा. इकडे देवाचे नाव म्हणजे अंगणातले तुळशीचे पान, येता-जाता तोडावे. दोन्ही रीती भक्तीच्याच. एकीने दुसरीला हसण्याचे कारण नाही.

आता काळ बदलला. तिकडचेही पुष्कळ लोक ‘ओ माय गॉड’ सर्रास म्हणतात. मोबाईलवर तर तीन अक्षरांतच काम भागते, ‘ओ एम जी’. पोरांना वाटते हे मोबाईलने काढले. तसे नाही. इंग्लंडच्या आरमाराचे एक म्हातारे सेनापती होते, लॉर्ड फिशर. त्यांनी १९१७ च्या सप्टेंबरात विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात ही तीन अक्षरे आढळतात. पहिले महायुद्ध तेव्हा चालू होते. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात ती अक्षरे २०११ साली घेतली गेली. म्हणजे कोशाच्या दारात यायला त्यांना चौऱ्याण्णव वर्षे लागली.

अर्थ झाला. आता वापर.

हा उद्गार हलका आहे. हलक्या गोष्टीलाच शोभतो. मांडवावरचा भोपळा बघता बघता घागरीएवढा झाला, ‘ओ माय!’ म्हणा. पाहुणी बाई दहा वर्षांनी भेटली आणि तिचा पोरगा बापाच्या डोक्याच्या वर गेलेला दिसला, ‘ओ माय!’ म्हणा. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडच्या बाजूने रानहत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला. ती बातमी दूरच्या शहरात बसून वाचणाऱ्याने ‘ओ माय!’ म्हटले तर चालेल. पण ज्याच्या बांधीतून तो कळप गेला त्याच्या दारात जाऊन तसे म्हणाल, तर ती चेष्टा होईल.

कोणाच्या घरी मयत झाली, कोणाचे पीक बुडाले, तिथे हा उद्गार काढू नये. इंग्रजीतच बोलायचे असेल तर ‘आय ॲम सो सॉरी’ म्हणावे. त्याहून बरे म्हणजे न बोलता जवळ बसावे. ख्रिस्ती माणसासमोर, देवळासारख्या ठिकाणी, मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरसमोर ‘ओ माय गॉड’ म्हणू नये. त्यांच्यातले काही ते मनाला लावून घेतात, आणि कारण आपण वर पाहिलेच. तिथे ‘ओ माय’ किंवा ‘ओ डिअर’ चालेल. मुलाखतीला गेलेल्या पोरांनी तर हे सगळेच घरी ठेवून जावे. आणि शेवटची गोष्ट, मीठ जसे चिमटीने घालतात तसा उद्गार घालावा. मुठीने घातला की भाजी खारट होते आणि खरी गरज असेल तेव्हा त्याची चव लागत नाही. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवा, त्याचा अनुभव पुढे येणार आहे.

आता आपल्या ‘माय’कडे येऊ.

आपली ‘अवो माय!’ आणि त्यांची ‘ओ माय!’ ह्यांचा आवाज जुळतो, पण नाते काही नाही. त्यांची माय ‘माझा’ म्हणते आणि थांबते. आपली माय म्हणजे आईच, पुरी आणि सगळी. तिला झाकलेले नाही, गिळलेले नाही. काटा रुतला, ‘माय वो!’ विंचू डसला, ‘अवो माय!’ म्हाताऱ्याच्या कंबरेत कळ आली, तर जिची माय जाऊन चाळीस वर्षे झाली त्यालाही तीच आठवते.

आणि हे एकट्या मराठीचे नाही. आपल्या गडचिरोली जिल्ह्याएवढी भाषांची जत्रा महाराष्ट्रात क्वचितच कुठे असेल. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला, पण बोली जिल्ह्याची शीव पाळत नाहीत. सिरोंच्याकडे प्राणहिता-गोदावरीच्या काठी तेलुगू चालते. तिथला माणूस दचकला की म्हणतो ‘अम्मो!’ अम्म म्हणजे आई. चामोर्शी-मुलचेऱ्याच्या बाजूला पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या बंगाली लोकांची गावे आहेत. तिथली बाई म्हणते ‘ओ मा!’ कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगडी बोलणारी माणसे ‘दाई’ला हाक मारतात. दाई म्हणजेही आईच. दूर इटलीतसुद्धा माणूस चकित झाला की ‘मम्मा मिया’ म्हणतो. त्याचा अर्थ ‘माझी आई’. एका जिल्ह्यात चार भाषा, आणि पायात काटा रुतला की चौघांची आई एकच.

ताडोबाच्या जंगलात ह्या दोन ‘माय’ रोज समोरासमोर येतात. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले, अंधारी अभयारण्य १९८६ साली, आणि दोन्ही मिळून १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झाला. आज तिथे देशोदेशीचे पाहुणे येतात. आसपासच्या खेड्यांतली पोरे आणि पोरी गाईड म्हणून जिप्सीत बसतात. वाघ रस्त्यावर आला की पाहुण्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो, ‘ओ माय!’ आनंदाचा, नवलाचा. त्याने त्यासाठी पैसे मोजलेले असतात. गाईड पोरगा हळूच ओठावर बोट ठेवतो.

आणि तोच वाघ, मार्च-एप्रिलच्या पहाटे, मोहाच्या झाडाखाली फुले वेचत वाकलेल्या बाईला दिसला, तर तिच्या तोंडून निघते, ‘अवो माय!’ तिने पैसे मोजलेले नसतात. ती चार पैसे मिळावे म्हणून आलेली असते. वाघ तोच, पहाट तीच, आवाजसुद्धा जवळजवळ तोच. पण एका हाकेत माणूस पुढे झुकून पाहतो, आणि दुसरीत जीव मुठीत धरून मागे सरतो. आपल्या भागात किती घरांना ही दुसरी हाक माहीत आहे, ते मी सांगायला नको. म्हणून वनखाते सांगते ते ऐकावे. जंगलात एकटे जाऊ नये, चार जणींनी मिळून जावे, वाकून काम करताना एकमेकींशी मोठ्याने बोलत राहावे आणि एकीने उभे राहून नजर ठेवावी.

एक दुखणे सांगतो. वसतिगृहात, कॉलेजात आपल्याकडची पोरे गेली की त्यांच्या बोलण्याला हसतात. ‘डोळा’ला आपण ‘डोरा’ म्हणतो, ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतो, ‘काय’ला ‘का’ म्हणतो. ती आपली झाडी बोली आहे. वऱ्हाडात ‘डोया’ म्हणतात, पुण्यात ‘डोळा’ म्हणतात, आणि दिसते तिघांनाही सारखेच! पण हसणारा हसतो आणि पोर शरमते. मग ‘अवो माय’ तोंडून निघू नये म्हणून ती ‘ओ माय गॉड’ शिकते. ह्या पोरीचेही तसेच झाले होते. तिने ओसरीवर बसून सांगितले की पहिल्या वर्षी जेवणाच्या हॉलमध्ये तिच्या हातून ताट सुटले आणि तिच्या तोंडून ‘अवो माय!’ निघाले. मुलींनी महिनाभर तिला त्याच नावाने हाक मारली. तेव्हापासून तिने जीभ बांधली.

मी तिला म्हटले, “बाई, इंग्रजी शीक. मन लावून शीक, खूप शीक. हा उद्गारही शीक, त्यात वाईट काही नाही. पण तो आपली लाज झाकायला घेऊ नको. लाज वाटावी असे तुझ्या मायमध्ये काही नाही.” पोरगी ‘हो’ म्हणाली आणि गेली. ‘हो’ म्हणून जाणारी पुष्कळ मुले मी पाहिली आहेत, म्हणून मी फारसा विश्वास ठेवला नाही.

तिसऱ्या दिवशी रोवणा संपत आला होता. दुपारची भाकर खाऊन बाया पुन्हा बांधीत उतरल्या. पोरगी धुऱ्यावरून जुड्या आणायला गेली. तिकडून ओरडण्याचा आवाज आला, ‘ओ माय!’

बांधीतल्या बाया हसल्या. एक जण म्हणाली, “निंगला वाटते खेकडा.” कोणी मान वर केली नाही. तीन दिवस पन्नास वेळा ऐकलेला शब्द तो, त्याच्यासाठी कंबर कोण सरळ करणार?

उठली ती एकटी म्हातारी. सत्तरीच्या पुढची बाई, गुडघे धरलेले. चिखल तुडवीत ती धुऱ्यावर पोचली. पोरगी खाली बसली होती, पायाचा घोटा दोन्ही हातांनी धरून. गवतात साप सरकताना म्हातारीने पाहिला. मग तिने जी हाक मारली तिला सगळी बांधी उठली.

गावातल्या दोघांनी नेहमीप्रमाणे मांत्रिकाचे नाव काढले. पोरीच्या बापाने ऐकले नाही. पोरीला चालू दिले नाही, पाय हलू दिला नाही, जखम कापली नाही, दोरीने करकचून बांधले नाही. १०८ ला फोन केला. गाडी यायला वेळ लागेल असे दिसले तेव्हा शेजारच्याच्या जीपमध्ये आडवे टाकून सरकारी दवाखान्यात नेले. सर्पदंशावरची लस टोचली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चार विषारी सापांवर ती एकच लस चालते, म्हणून साप ओळखायला किंवा मारायला थांबू नये, वेळ तेवढा जातो. तीन दिवसांनी पोरगी घरी आली. पाय सुजलेला होता, पण जीव हाती होता.

पुढे एकदा म्हातारी ओसरीवर आली तेव्हा मी तिला विचारले, “बाई, सगळ्या बाया हसल्या. तुम्हांला कसे कळले की ह्या वेळची हाक खरी आहे?”

ती म्हणाली, “गुरुजी, मले तुमचं इंग्रजी का समजते? मले तं दरवेळी मायच आइकू ये. दोन दिवस मी दरवेळी मान वर करून पाह्यलं. तिसऱ्या दिवसी बी पाह्यलं.”

मंडळी, मी दोन तास लावून त्या पोरीला जे सांगितले होते, त्याच्यापेक्षा हे दोन वाक्यांत जास्त होते. ज्यांना इंग्रजी थोडेसे कळत होते त्या हसत राहिल्या. जिला अजिबात कळत नव्हते ती धावली. बायांचा दोष मी काढत नाही. मुठीने घातलेल्या मिठाची चव कोणाला लागणार? दोष शब्दाचाही नाही. गंमत आणि गरज ह्या दोहोंना एकच हाक ठेवली, तिथे चुकले. गंमतीला साहेबाचा शब्द असू द्या, हवा तेवढा. पण रानात, शेतात, अंधारात, जिथे एका हाकेवर माणूस धावून यायचा असतो, तिथली हाक राखून ठेवावी. ती गंमतीत खर्चू नये. आणि ती अशी असावी की गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसालाही कळेल.

पोरीचे म्हणाल तर तिला मी विचारले, “त्या दिवशी तू कोणती माय म्हणालीस? त्यांची का आपली?”

ती बराच वेळ विचार करीत राहिली. मग म्हणाली, “गुरुजी, मले आठोतच नाही.”

आता ती परत वसतिगृहात गेली आहे. ‘ओ माय गॉड’ अजून म्हणते असे ऐकतो, आणि म्हणू द्या. पण परवा तिच्या बापाच्या फोनवर मी तिच्याशी बोलत होतो, तेव्हा पलीकडे काहीतरी धाडकन पडले, बहुधा ताटच असावे. आणि तिच्या तोंडून, आजूबाजूला पोरी असताना, मोकळ्या आवाजात निघाले, “अवो माय!”

तुमच्या घरी गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, छत्तीसगडी जे काही बोलत असाल, त्यात दचकल्यावर आजी-आजोबांच्या तोंडून कोणता शब्द निघतो, तो पोस्टकार्डावर लिहून जरूर कळवा. पुढे केव्हातरी ह्याच जागी त्यांची ओळ मांडू.

रोवणा आटोपला असेल तर हातपाय कोमट पाण्याने धुऊन तेल लावा. बांधीत उतरताना पायात जमले तर गमबूट घाला, आणि धुऱ्यावरच्या गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटा. बरे, येतो.